वाचन काढू नका, आखडतं घ्या: पुस्तक महोत्सवातली कथा-कादंबरीकारांची सत्रं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरात तीन दिवसांचा पुस्तक महोत्सव भरतो. त्यात कथा-कादंबरीकारांची तासातासाची सत्रं असतात. लेखक वाचायला लागला की दहाव्या मिनिटाला मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. मुलाखत मात्र बरी चालते. तेव्हा वाचन काढून टाकून नुसत्या गप्पाच ठेवाव्यात का?

नाही. वाचन काढलं तर कादंबरीकाराच्या सत्रात कादंबरीच उरत नाही. उरतात त्या लिहिण्याविषयीच्या गप्पा, आणि त्या बऱ्याचशा लेखकांच्या सारख्याच निघतात. या लेखकाचं वाक्य कसं चालतं, हे पुस्तक न वाचलेल्या माणसाला कळायचा मंचावर तरी दुसरा मार्ग नाही. शिवाय लोक उठतात ते बहुतेक वेळा वाचनाला कंटाळून नव्हे, धागा सुटला म्हणून. पुस्तक वाचणारा अडला तर पान मागे उलटतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. एक नाव निसटलं, एक वाक्य शेजारच्या मांडवातल्या टाळ्यांत बुडालं, की पुढची दहा मिनिटं त्याच्यापुरता नुसता आवाज उरतो. उतारा, कागद, माईक, खुर्च्या यांबद्दल पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका अडचणीवरचेच उपाय आहेत.

आधी वेळ. एक तासाचं सत्र म्हणजे ४५ मिनिटांचा कार्यक्रम आणि १५ मिनिटं लोक बाहेर, नवे आत, माईकची बदलाबदल. ही १५ मिनिटं वेळापत्रकात धरली नाहीत तर दुपारपर्यंत मांडव अर्धा तास मागे पडतो आणि कात्री चालते ती शेवटच्या लेखकाच्या वाचनावर. ४५ मिनिटांची वाटणी अशी करा: ओळख २, पहिलं वाचन ६, गप्पा १८, दुसरं वाचन ४, प्रश्नोत्तरं १२. उरलेली ३ मिनिटं उठण्याबसण्यात जातातच. पहिलं वाचन ओळखीनंतर लगेच, कारण मग गप्पांना धरायला हातात काहीतरी असतं. दुसरं प्रश्नोत्तरांच्या आधी. अगदी शेवटी ठेवलेलं वाचन हमखास कापलं जातं, कारण प्रश्न कधीच वेळेत संपत नाहीत.

श्रोत्यांसमोर मराठी गद्य वाचायचा वेग मिनिटाला १०० ते १२० शब्द धरा. मनातल्या मनात माणूस याहून कितीतरी भरभर वाचतो, म्हणून 'पाच पानं आहेत, सहा मिनिटांत होतील' हा लेखकाचा अंदाज चुकतो. छापील पानावर २५० ते ३०० शब्द असले तर एका पानाला अडीच मिनिटं लागतात. सहा मिनिटं म्हणजे साडेसहाशे शब्द, जेमतेम अडीच पानं. लेखकाला 'सहा मिनिटं' असं कळवू नका, 'साडेसहाशे शब्द' असं कळवा. मिनिटं प्रत्येकाच्या मनात वेगळी असतात, शब्द मोजता येतात.

आता उतारा. इथे सर्वांत जास्त मेहनत हवी आणि इथेच सर्वांत कमी होते. पुस्तकातला सर्वांत सुंदर उतारा वाचनाला चांगला असेलच असं नाही. वर्णनाचं, चिंतनाचं पान डोळ्यांना आवडतं, पण कान त्याला लवकर थकतो. प्रसंग निवडा: एक जागा, दोन किंवा फार तर तीन माणसं, आणि त्यांच्यात काहीतरी अडलेलं. नावं सारखी वाजत असतील, म्हणजे सुमन आणि सुमती, तर तो प्रसंग टाळा. पूर्वपीठिका तीन वाक्यांत सांगता आली पाहिजे. त्याहून जास्त लागत असेल तर उतारा चुकलाय असं समजा. कादंबरीचा कळस वाचू नका. एक तर तो मागच्या दोनशे पानांच्या जोरावर उभा असतो, आणि दुसरं म्हणजे विकत घ्यायचं कारणच संपतं. प्रसंगाची गाठ सुटण्याच्या जरा आधी थांबावं. तसं थांबल्यावर मांडवात जी क्षणभर शांतता पडते ती मुलाखतकाराने लगेच बोलून मोडू नये, दोन श्वास जाऊ द्यावेत.

उतारा ठरला की तो कानासाठी संपादित करायचा. लेखक इथे बिचकतात, पण छापलेल्या मजकुराला धक्का लागत नाही, हा फक्त वाचायचा खर्डा आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने १८५८पासून मोबदला घेऊन स्वतःच्या कथा-कादंबऱ्यांची जाहीर वाचनं केली, तेव्हा त्याने वाचनासाठी वेगळ्या प्रती बनवल्या होत्या. त्यांत मजकूर कापलेला, बदललेला, शब्दांखाली रेघा आणि समासात स्वतःसाठी सूचना. त्याच्याइतकी तालीम सगळ्यांना जमणार नाही, पण वेगळी प्रत कुणालाही करता येते.

काय बदलायचं? अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत. पानावर संवाद कोणाचा ते ओळ बदलल्यावर कळतं, कानाला कळत नाही. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या संवादानंतर एक 'ती म्हणाली' घाला. उलट 'तो हलक्या आवाजात म्हणाला' हे काढलं तरी चालतं, कारण ते आवाजानेच दाखवता येतं. आधीच्या प्रकरणांचे उल्लेख काढा. तिरप्या ठशातली आठवण किंवा मधल्या तीन चांदण्या ऐकू येत नाहीत. तिथे पूर्ण तीन सेकंद थांबावं लागतं, आणि मंचावर तीन सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून प्रतीवर 'थांब' असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मराठीच्या म्हणून दोन खास अडचणी आहेत. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे '-लेला', '-णारा' अशी विशेषणं रचत गेलेलं वाक्य ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत तोलून धरावं लागतं. 'काल रात्री उशिरा आलेल्या आणि कपडेही न बदलता झोपलेल्या भावाला उठवायला गेलेल्या वसुधाला दार आतून लावलेलं दिसलं' हे वाक्य पानावर चालून जातं. कानाला ते असं हवं: 'भाऊ काल रात्री उशिरा आला होता. कपडेही न बदलता झोपला होता. वसुधा त्याला उठवायला गेली. दार आतून लावलेलं.' दुसरी अडचण 'मी'ची. निवेदक बाई की पुरुष हे आपल्याकडे क्रियापदावरून कळतं, 'गेले' की 'गेलो'. पुरुष लेखक स्त्री निवेदकाचा मजकूर वाचत असेल आणि हे आधी सांगितलं नसेल, तर पहिल्या 'मी म्हणाले'ला मांडवात चुळबुळ होते आणि पुढचं अर्धं मिनिट वाया जातं. प्रस्तावनेतलं एक वाक्य हे टाळतं: 'बोलणारी आहे पस्तीस वर्षांची शिक्षिका.'

बोलीतले संवाद असतील तर लेखकाने ती बोली खरोखर येत असेल तरच वठवावी. येत नसेल तर साध्या आवाजात, शब्द न बदलता वाचावं. सोंग आणलेली बोली त्या भागातल्या श्रोत्याला लागते, आणि ते बरोबरच आहे.

एक मत स्पष्टच सांगतो: जमत असेल तिथे कादंबरीच्या तुकड्याऐवजी एक अख्खी छोटी कथा वाचा. हजार-अकराशे शब्दांची पूर्ण कथा दहा मिनिटांत होते, वाचनाचे दोन्ही तुकडे एकत्र केले की तेवढी जागा निघते, आणि श्रोत्याला पूर्ण काहीतरी मिळाल्याचं समाधान मिळतं. कादंबरीकाराकडे बहुधा एखादी कथा असतेच, फक्त तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

वाचायची प्रत कागदावर हवी. १६ ते १८ पॉइंटचा ठसा, दीडपट ओळ-अंतर, एका बाजूला छपाई, मोठे पानक्रमांक. प्रत्येक पान परिच्छेदाच्या शेवटी संपवा, म्हणजे पान उलटताना वाक्य तुटत नाही. टाचणी किंवा स्टेपल नको. वाचलेलं पान अलगद बाजूला सरकवायचं. प्लास्टिकच्या पाकिटात पानं घालू नका, वरच्या दिव्याची चकाकी नेमकी अक्षरांवर येते. उघड्या मांडवात वारा असतो, तेव्हा स्टँडला दोन चिमटे हवेतच. पुस्तकातून थेट वाचलं की मान खाली जाते, शिवणीजवळचे शब्द दिसत नाहीत आणि एक हात पान धरण्यात अडकतो. पुस्तक शेजारी ठेवा, आरंभी उचलून दाखवा, वाचा मात्र कागदावरून. टॅबलेट चालतो, पण फ्लाइट मोडवर, पडदा आपोआप बंद होण्याची सोय काढून, आणि कागदी प्रत जवळ ठेवून.

वाचन उभं राहून करावं. बसल्यावर पोट दबतं, श्वास आखडतो, आणि तिसऱ्या रांगेपासून मागे चेहरा दिसेनासा होतो. छातीपर्यंत झाकणारं लाकडी पोडियम नको, वादकांकडे असतो तसा उंची बदलता येणारा हलका स्टँड पुरतो. गप्पांसाठी ताठ पाठीच्या साध्या खुर्च्या ठेवा. खोल सोफ्यात माणूस बुडतो, गुडघे वर येतात, आवाज खाली जातो. मंच ४५ ते ६० सेंटीमीटर उंच असला तर सपाट जमिनीवरच्या शंभर माणसांना पुरतो.

माईकच्या बाबतीत वाचन आणि गप्पा यांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि साउंडवाला सहसा दोन्हींना एकच कॉलर माईक देतो. वाचताना मान खाली-वर होते, त्यामुळे कॉलर माईकवर आवाज कधी घुमतो, कधी विरतो, आणि कागदाची सळसळ साफ ऐकू येते. वाचनासाठी स्टँडवरचा, समोरचाच आवाज पकडणारा साधा डायनॅमिक माईक घ्या. तोंडापासून चार बोटं, थोडा बाजूला, हनुवटीच्या उंचीवर. बाजूला अशासाठी की 'प', 'फ', 'भ' उच्चारताना हवेचा झोत बाहेर पडतो. माईक नाकासमोर असला तर प्रत्येक 'भ'ला स्पीकर धडधडतो. गप्पांसाठी कानाला अडकवायचा हेडसेट उत्तम, नाहीतर हातातला माईक. तो दांड्याने धरायला सांगा. वरची जाळी मुठीत धरली की त्याची आवाज पकडण्याची दिशा बिघडते आणि स्पीकरमधून शिट्टी सुरू होते. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. लेखक स्पीकरच्या पुढे चालत गेला तरी शिट्टी येते, म्हणून 'या रेषेच्या पुढे येऊ नका' अशी चिकटपट्टी मंचावर लावा. बॅटऱ्या सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बदला, खुणेचा दिवा हिरवा असला तरी.

लांब मांडवात मागे जादा स्पीकर लावले तर एक गोष्ट हमखास राहून जाते. आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. समोरच्या स्पीकरपासून १५ मीटर मागे दुसरा स्पीकर असेल, तर समोरचा आवाज तिथे सुमारे ४४ मिलिसेकंदांनी पोचतो, आणि मागच्या स्पीकरमधून तोच शब्द आधीच ऐकून झालेला असतो. गाण्यात हे खपून जातं. गद्यात प्रत्येक जोडाक्षर दोनदा आदळतं आणि लोक म्हणतात, 'आवाज मोठा आहे पण कळत नाही.' मागच्या स्पीकरला तेवढा विलंब लावायचा, वर आणखी दहा-एक मिलिसेकंद, म्हणजे आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. मिक्सरवर ही सोय बहुधा असते, पण मागितल्याशिवाय लावली जात नाही. चाचणी रिकाम्या मांडवात होते, तेव्हा आवाज मोकळा वाटतो. माणसं भरली की कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, कुजबुज वाढते. म्हणून चाचणीच्या वेळी आवाज चढवायला शिट्टीशिवाय जागा शिल्लक आहे ना, ते पाहून ठेवा. चाचणी 'हॅलो, वन टू थ्री'ने करू नका. उताऱ्यातला एक परिच्छेद मंचावरून वाचा आणि एका माणसाला शेवटच्या रांगेत बसवून तो काय ऐकतो ते विचारा.

कापडी भिंत आवाज अडवत नाही. वाचनाच्या वेळेला शेजारच्या मांडवात गाणं, मुलांचा कार्यक्रम किंवा ढोल असेल तर वरचं सगळं व्यर्थ. वेळापत्रक करताना दोन मांडवांचे तक्ते शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून तपासा. जनरेटर शक्य तितका दूर, आणि वाचनाच्या मांडवाकडून वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला.

खुर्च्यांची मधली वाट टाळा. मंचासमोरची सर्वांत चांगली जागा त्यात जाते आणि वाचणाऱ्याला समोर माणसांऐवजी रिकामी गल्ली दिसते. वाटा दोन्ही कडांना ठेवा, उशिरा येणाऱ्यांचं दार मागे. व्हीलचेअरसाठी पुढच्या रांगेच्या टोकाला जागा मोकळी असावी, शेवटच्या रांगेमागे नव्हे. शंभर माणसं अपेक्षित असतील तर सत्तर खुर्च्या मांडा, तीस रचून ठेवा. भरलेल्या सत्तर खुर्च्यांपुढे लेखक ज्या आवाजात वाचतो, तो अर्ध्या रिकाम्या दीडशेंपुढे लागत नाही. दिवे पूर्ण घालवू नका. वाचणाऱ्याला पहिल्या चार रांगांचे चेहरे दिसले पाहिजेत, त्यावरून तो वेग सांभाळतो.

मुलाखतकाराबद्दल एकच अट आहे: पुस्तक वाचलेलं असावं. नावाजलेला पण पुस्तक चाळून आलेला माणूस नको, पूर्ण वाचलेला अनोळखी चालेल. पुस्तक किमान तीन आठवडे आधी त्याच्या हातात द्या आणि वाचायचा उतारा आठवडाभर आधी. लेखक आणि तो एकदा वीसेक मिनिटं फोनवर बोलू देत, पण प्रश्नांची तालीम करू नका, उत्तरं शिळी होतात. फोनवर ठरवायचं ते एवढंच: कथेतलं काय उघड करायचं नाही, लेखकाला कशाबद्दल बोलायचं नाही, आणि पहिला प्रश्न कोणता. पहिला प्रश्न नुकत्याच वाचलेल्या उताऱ्यावरच असावा. 'लिहायला कसं सुचलं?' याला उत्तर नसतं. 'आई दार उघडत नाही, हे पहिल्या खर्ड्यापासून होतं का?' याला असतं, आणि ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्यालाही ते समजतं, कारण त्याने दार आत्ताच ऐकलंय. ओळखीत पुरस्कारांची यादी वाचू नये, ती पत्रिकेवर छापा. मुलाखतकाराचं बोलणं एकूण गप्पांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त झालं तर ती मुलाखत नव्हे.

चार लेखकांचा 'आजची कादंबरी' असला परिसंवाद शक्यतो ठेवू नका. ४५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटंही येत नाहीत आणि कोणाचंच गद्य कानावर पडत नाही. एकत्र आणायचंच असेल तर दोन लेखक, प्रत्येकी चार मिनिटांचं वाचन, आणि दोन्ही उताऱ्यांत एक समान वस्तू: रिकामं घर, पत्र, प्रवासातली रात्र. विषय आपोआप तयार होतो. नवोदित लेखकाला अशा जोडीत परिचित लेखकाबरोबर ठेवावं आणि पहिलं वाचन नवोदिताचं असावं.

अनुवादित पुस्तक असेल तर मूळ भाषेतलं एक-दीड मिनिट ऐकवा, कळलं नाही तरी नाद कळतो, मग अनुवाद. अनुवादकाचं नाव फलकावर लेखकाच्या नावाइतकंच ठळक हवं. बोलणं वाक्यावाक्याला अनुवादून सांगायचं असेल तर वेळ दुप्पट लागतो, म्हणजे ४५ मिनिटांत बावीस मिनिटांचाच मजकूर बसतो. प्रश्न तेवढेच आखा. सांकेतिक भाषेचे दुभाषी असतील तर वाचायची प्रत त्यांना दोन-तीन दिवस आधी द्या आणि त्यांच्यावर वेगळा दिवा ठेवा. तयारीशिवाय साहित्यिक गद्य हातांनी सांगायला लावणं त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रश्नोत्तरांत माईक स्वयंसेवकाच्या हातात राहतो, प्रश्न विचारणाऱ्याच्या नाही. एवढ्या एका नियमाने अर्धी भाषणं टळतात. मुलाखतकाराने सुरुवातीलाच सांगावं, 'एक माणूस, एक प्रश्न, दोन वाक्यं.' तरी कोणी लांबलाच तर विसाव्या सेकंदाला शांतपणे 'तुमचा प्रश्न सांगाल?' असं विचारावं. उशीर केला तर मग अपमान वाटतो. सुरुवातीला कोणीच हात वर करत नाही, तेव्हा मुलाखतकाराने स्वतःचा एक प्रश्न राखून ठेवलेला असावा. पुढे बोलायला संकोच करणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या आणि पेन्सिली खुर्च्यांवर ठेवा, दुसऱ्या वाचनाच्या आधी गोळा करा. 'हे तुमच्याच आयुष्यात घडलं का?' हा प्रश्न येतोच. लेखकाला उत्तर द्यायचं नसेल तर मुलाखतकाराने तो वळवावा: 'खऱ्यातलं किती ते बाजूला ठेवू, पण कथेत येताना त्याचं काय बदलावं लागलं?'

वेळ सांगणारा स्वयंसेवक मंचाच्या बाजूला नको, तिथे कोणी पाहत नाही. तिसऱ्या रांगेत मधोमध बसवा, हातात १०, ५ आणि १ असे मोठे आकडे.

लेखकाला पत्र दोन आठवडे आधी गेलं पाहिजे आणि त्यात हे सगळं लिहिलेलं असावं: वेळ, शब्दसंख्या, मुलाखतकाराचं नाव, माईक कोणता, मानधन आणि प्रवासखर्च किती व कधी मिळेल, सह्यांचा कार्यक्रम आहे का, चित्रण होणार का. चित्रण इंटरनेटवर टाकायचं असेल तर लेखी संमती घ्या आणि ध्वनिहक्क, म्हणजे पुस्तक आवाजात प्रसिद्ध करण्याचे हक्क, प्रकाशकाकडे आहेत का ते लेखकाला तपासायला सांगा. मानधन नक्की द्या. मांडववाल्याला, साउंडवाल्याला देतो आणि ज्याच्यासाठी लोक आले त्याला शाल देऊन पाठवतो, हे बंद झालं पाहिजे.

पुस्तकविक्री आणि सह्या मांडवाबाहेर, पण वीस पावलांच्या आत. ज्या पुस्तकातून वाचलं ते पुस्तक तिथे असलंच पाहिजे, हे विक्रेत्याला तीन आठवडे आधी लेखी कळवा आणि उरलेल्या प्रती परत घेण्याच्या बोलीवर मागवा. एका सहीला, दोन शब्द बोलण्यासकट, ४५ सेकंद ते एक मिनिट लागतो, म्हणजे तासाला साधारण साठ माणसं. रांग मोठी असेल तर माणशी दोनच प्रती. आधी विक्री, मग सही, मग बाहेर, अशी एकाच दिशेची वाट दोरीने आखा. रांगेत फिरणारा एक स्वयंसेवक प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर त्याच्याकडूनच लिहून घेतो, कारण नावांतले ऱ्हस्व-दीर्घ ऐकून कळत नाहीत आणि चुकलेलं नाव पुस्तकात कायमचं राहतं. ती चिठ्ठी सहीच्या पानात खोचून ठेवायची. फोटो दुसऱ्या स्वयंसेवकाने काढायचे. पेन आधी त्याच पुस्तकाच्या कागदावर चालवून पाहा. गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि पुस्तक मिटताच समोरच्या पानावर उमटते. बॉलपेन चालतं, किंवा सहीवर ठेवायला टीपकागदाचे तुकडे टेबलावर असू द्या.